मेजर ठरलं आहे, आई-बाबा

कोलंबस, ओहायो
९ नोव्हेंबर २०२५, रात्री

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, सकाळी फोनवर तू विचारलंस, "मग बायोलॉजीच ना गं?" आणि मी म्हणाले, "बघते अजून." ते खरं नव्हतं. शुक्रवारी दुपारीच मी फॉर्म भरून दिला. माझं मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, फिजिक्स आहे. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण बाबा तुझ्या शेजारी बसून चहा पीत होते आणि त्यांचा चेहरा उतरलेला मला बघवला नसता. दिवसभर ते मनाला लागून राहिलं, म्हणून लिहायला बसले. बाबा, पत्र पूर्ण वाचा आणि मगच काय ते बोला.

मी डॉक्टरच होणार आहे. त्यात काडीचाही बदल नाही.

इथे मेडिकलच्या तयारीचं 'प्री-मेड' नावाचं वेगळं मेजर नसतं. मेडिकल स्कूलला तुमच्या पदवीचा विषय कोणता याचं फारसं देणंघेणं नसतं, ठरावीक कोर्स झालेले हवेत. बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, प्रत्येकाच्या दोन सेमिस्टर लॅबसकट, शिवाय बायोकेमिस्ट्री. यातलं बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री आणि पहिल्या वर्षाचं फिजिक्स माझं झालं आहे. ऑरगॅनिकची पहिली सेमिस्टर चालू आहे. राहिलेलं सगळं मी घेणारच आहे, एकही कोर्स सुटणार नाही. अर्ज करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलं बायोलॉजीकडची असतात हे खरं, पण ती सक्ती नाही. बाबा, तुम्ही सारखं ज्यांचं उदाहरण देता, त्या सर्जन-लेखक अतुल गावंडेंनीही स्टॅनफर्डला बायोलॉजीच्या जोडीने राज्यशास्त्र घेतलं होतं.

आणि तुमचा तो नेहमीचा प्रश्न, की आत्याचा मुलगा नीट देऊन सेकंड एमबीबीएसला पोचलासुद्धा आणि तू अजून मेजर ठरवतेयस? बाबा, तो रस्ता वेगळा आहे. आजी आपल्याला डॉक्टर आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगते ना, त्या काळी इथेही तसंच होतं. आनंदीबाई १८८३ साली फिलाडेल्फियाच्या कॉलेजात गेल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या, आधीची पदवी कुणी मागितली नाही, आणि १८८६ साली त्या एम.डी. झाल्या. पदवीची अट जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १८९३ साली घातली आणि पुढे ती रीतच पडली. ही चार वर्षं माझ्या वाट्याला आलेलीच आहेत, तर ती मला मनापासून जिथे शिकावंसं वाटतं तिथे घालवायची आहेत.

बायोलॉजीत मला ए मिळाला आणि फिजिक्समध्ये बी प्लस, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणूनच तुम्हाला हे जास्त कोड्यात टाकेल. पण बायोलॉजीचा तो ए पाठांतराचा होता. परीक्षा झाली की आठवड्याभरात सगळं पुसलं जायचं. फिजिक्समधलं एक गणित मात्र गेल्या एप्रिलपासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. ते तुमचंच आहे, बाबा.

मार्चमध्ये मी येऊ शकले नाही. मिडटर्म होती, दादा म्हणाला तू बस, मी जातो, आणि मी बसले. त्याचं मला अजून वाईट वाटतं, तुम्ही कितीही "अगं काही नाही" म्हणालात तरी. दादाने तुमच्या अँजिओग्राफीचा व्हिडिओ पाठवला होता. रात्री पांघरुणात तोंड खुपसून मी तो वीस-पंचवीस वेळा पाहिला. काळी धमनी वळत वळत खाली येते आणि मधेच एका जागी चिमटीत धरल्यासारखी बारीक होते. आणि मग दुसरा व्हिडिओ, फुगा फुगवून स्टेंट बसवल्यानंतरचा, त्यात तीच जागा भरून आलेली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी लॅबमध्ये आम्हाला काचेच्या दोन नळ्या दिल्या. लांबी सारखीच, पण एकीचं भोक दुसरीच्या दुप्पट. वर पाण्याचं भांडं, खाली मोजपात्र, हातात स्टॉपवॉच. जाड नळीखालचं मोजपात्र बघता बघता भरलं. बारीक नळीतून थेंब, थेंब, थेंब. मी वाट बघत उभी होते. नियमाप्रमाणे दुप्पट रुंदीला प्रवाह सोळापट यायला हवा, कारण त्रिज्येचा चौथा घात येतो. आमचं उत्तर चौदाच्या आसपास आलं. पार्टनर आकडे वहीत उतरवत होती आणि मला समोर तुमची धमनी दिसत होती. निम्मी झाली तर निम्मं रक्त जाईल असं वाटतं ना? त्याच दाबाला सोळाव्या हिश्शाइतकंच जाईल. मग तुम्ही इतके दिवस चालता-फिरता कसे होतात? तर शरीर पुढच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद करून सांभाळून घेतं. बसल्या जागी ते पुरतं. चढाला हृदय जास्त रक्त मागतं आणि तेव्हा पुरत नाही. म्हणून तुम्हाला घरात काही व्हायचं नाही आणि साताऱ्यातल्या त्या 'चार भिंती' टेकडीच्या चढावर मात्र छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. तुम्ही ते अॅसिडिटी म्हणून दोन महिने काढलेत. तेव्हा मला हे माहीत असतं तर मी तुम्हाला एक दिवस काढू दिला नसता.

हा नियम शोधणारा प्वाझेय स्वतः डॉक्टर होता. आधी पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकमध्ये गणित-फिजिक्स शिकला आणि मग मेडिसिनला गेला. रक्त कसं वाहतं ते कळावं म्हणून त्याने १८४० च्या सुमारास काचेच्या अतिशय बारीक नळ्यांतून पाणी सोडून मोजमापं घेतली. आई, तुझा बीपी आपण अजूनही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतो ना, धमनीतला दाब पाऱ्याच्या नळीने मोजायलाही त्यानेच १८२८ साली सुरुवात केली. हे वाचलं त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की मी वाट चुकलेली नाही.

आणि बाबा, याची सुरुवात तुम्हीच केलीत. अंगणात पारिजातकाला पाणी घालताना पाइपाच्या तोंडावर माझा अंगठा धरायचात. "बघ चिऊ, दाबलं की लांब जातं, पण बादली भरायला उशीर लागतो. का?" मी पाच वर्षांची होते. का ते मला माहीत नव्हतं, पण तुम्ही उत्तर सांगितलं नाहीत आणि मी फ्रॉक भिजवून तिथेच उभी राहिले.

आता काळजीचं. तुमच्यापासून लपवत नाही. इथल्या एका अॅडव्हायझरनी मला स्पष्ट सांगितलं की फिजिक्सने जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, खाली येईल. त्यात तथ्य आहे. अर्जात बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित यांचा जीपीए वेगळा काढतात, म्हणजे माझ्या मेजरचा एकेक मार्क त्यात धरला जाणार. एमकॅटमध्येही, म्हणजे इथल्या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेतही, फिजिक्स तसं थोडंच असतं. चार भागांतला एक भाग नुसता उतारे वाचून समजण्याचा, एक सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीचा. फिजिक्स घेतल्याने परीक्षा सोपी जाईल अशी माझी समजूत नाही. म्हणून एका सेमिस्टरला दोनच अवघड कोर्स घ्यायचे, तिसरा हलका, असं मी ठरवलं आहे. चारही वर्षांचा तक्ता करून भिंतीवर लावला आहे, फोटो पाठवते. अल्ट्रासाऊंडवर काम करणाऱ्या लॅबमध्ये जानेवारीपासून जायचं ठरतं आहे, आणि शनिवारचं हॉस्पिटलमधलं काम चालूच आहे.

एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. पदवीनंतर मी एक वर्ष मधे घेणार आहे. इथे बरेच जण घेतात. एमकॅट घाईत द्यायची नाही आणि चारही वर्षांचे मार्क हातात घेऊनच अर्ज करायचा. म्हणजे २०२९ मध्ये मेडिकल स्कूल सुरू होईल. तुमचं वय मोजत बसू नका, मीही मोजते आणि मग झोप येत नाही. त्या वर्षातले दोन महिने मी साताऱ्यात काढणार आहे, सलग. आजीजवळच्या खोलीत माझी गादी घाला.

आणि नाहीच मिळाला प्रवेश, तर रेडिएशनच्या मशीनवर काम करणारे मेडिकल फिजिसिस्ट असतात, पुढे मास्टर्स करून तिकडे जाता येतं. हे फक्त तुमच्या मनाला स्वस्थता म्हणून लिहिलं. आई, ज्या दोन मार्कांनी तुझं मेडिकल हुकलं, ते मी विसरलेले नाही. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, पण मी चौथीत असताना प्लास्टिकचा स्टेथोस्कोप गळ्यात घालून फिरायचे तेव्हा तू माझ्याकडे कशी बघायचीस ते मला आठवतं. तुझ्यासाठी म्हणून डॉक्टर होत नाही मी, मला व्हायचं आहे म्हणून होते आहे. पण त्या दिवशी पहिला फोन तुलाच येईल.

मी इथे छान आहे. खोलीत हीटर व्यवस्थित चालतो, वहिनीने जाड रजई दिली आहे. रोज वरण-भात होतो, तू दिलेल्या गोड्या मसाल्याचे अजून दोन पुडे शिल्लक आहेत. फराळाचा डबा परवा संपला. चकली रूममेटने जास्त खाल्ली आणि मला राग आला नाही, यावरून काय ते समज. केसांना तेल लावते, दर रविवारी, खरंच. दादा सव्वा तासावर आहे, ताप आला तर तो येतो, तुम्ही तिथे बसून देव पाण्यात घालू नका.

आता माझं ऐका. बाबा, "आता बरं वाटतंय" म्हणून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या तुम्ही मनाने बंद करायच्या नाहीत. ऑगस्टमध्ये चार दिवस केल्या होत्यात, मला आजीने सांगितलं. स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. डॉक्टर थांबवा म्हणतील तेव्हाच थांबवायच्या, दात काढायचा असला तरी आधी त्यांना विचारायचं. रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळीही तशीच. चढावर दुखलं तर तिथेच थांबायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, अॅसिडिटी म्हणायचं नाही. आई, पापड-लोणचं बाबांच्या ताटातून काढ आणि तुझ्याही. गुडघ्याचे व्यायाम नवऱ्याची सेवा करून उरलेल्या वेळात करायचे नसतात, सकाळी आधी ते, मग चहा. ओरडते आहे असं वाटलं तर माफ करा, इतक्या लांबून मला दुसरं काही करता येत नाही.

बाबा, माळ्यावरच्या ट्रंकेत तुमची कॉलेजची फिजिक्सची वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची. दादा डिसेंबरमध्ये येईल तेव्हा त्याच्याकडे द्याल? आणि राग आला असेल तर तोही फोनवर सांगा, मनात ठेवू नका.

पुढच्या रविवारी तुमच्या साडेसातला, माझ्या सकाळी नऊला फोन करते. तेव्हा गोळ्यांची डबी कॅमेऱ्यासमोर धरायची. बाबा, तुम्हीच धरायची, आईने नाही.

आजीला नमस्कार.

तुमची,
चिऊ