माझ्या वर्गात येऊन मागे बसलेल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "असू दे गं" म्हणून विषय बदलता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झाली आणि कोल्हापूरची मी थेट मेळघाटात, धारणी तालुक्यात आले. सोडायला आलेली आई परतवाड्यापासून सेमाडोह, हरिसालपर्यंत एसटीच्या खिडकीतून नुसतं जंगल बघत होती, एक शब्द बोलली नाही. पहिली-दुसरीचा जोडवर्ग, पट १७. मुलं घरी कोरकू बोलतात. माझी मराठी त्यांना उमगत नव्हती आणि त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मी 'यांना काहीच येत नाही' असा लावत होते. दिवाळीच्या सुट्टीत मी राजीनामा लिहून ठेवला होता. हे तुम्हाला आज पहिल्यांदाच सांगते.

त्यानंतरच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, चहाच्या वेळी तुम्ही सहज विचारलंत, "तुझ्या वर्गात येऊन बसू का एक दिवस?"

तुम्ही आलात त्या दिवशी मी टेबलावर शेरेबुक काढून ठेवलं होतं. वर्गात बाहेरचं कुणी आलं की शेरा लिहून जातं, एवढंच मला माहीत. तुम्ही ते उघडलंही नाहीत. मुलांमध्ये सतरंजीवर बसलात. शाळा सुटल्यावर माझ्या टाचणवहीच्या (पाठाची तयारी लिहायच्या वहीच्या) मागच्या पानावर दोन आकडे लिहिलेत : मी विचारलेले प्रश्न ४१, मुलांनी दिलेली उत्तरं ३. "बाकीची कुणी दिली गं?" सगळी मीच दिली होती. मला रडू आलं. तुम्ही समजूत घातली नाहीत, पुढच्या तासाला काय करायचं ते बोलायला लागलात.

पुढच्या खेपेला तुम्ही पिशवीतून चिंचोके आणलेत. कोपऱ्यातल्या मुलीसमोर ते ठेवून म्हणालात, "घरी मोजतेस तसं मॅडमना शिकव." ती पुटपुटली, "मिया, बारी, आफई, उफुन, मोनोय..." मी तिच्यामागून म्हणायला गेले आणि चौथ्यालाच अडखळले. सगळा वर्ग हसला. पाच महिन्यांत पहिल्यांदा! मग चार-पाच जण उठून माझे उच्चार सुधारायला लागले. त्या दिवसापासून फळ्यावर 'मिया' आणि 'एक' शेजारी शेजारी असतात.

आमच्या शाळेतल्या सरांसाठीही आभार. २० वर्षं नोकरी झालेल्या माणसाला 'तुमचं कुठे अडतंय' असं कोण विचारतं? तुम्ही विचारलंत, आणि तेही आधी त्यांच्याकडून गोष्ट सांगायची हातोटी समजून घेऊन. मग त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, इंग्रजीचा तास घ्यायला धीर होत नाही. आता आम्ही तास बदलून घेतो. मी त्यांच्या वर्गाला इंग्रजी शिकवते, ते माझ्या मुलांना गोष्टी सांगतात.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. माझ्याकडे येण्यासाठी तुम्ही दर वेळी स्वतःची किरकोळ रजा टाकत होतात, हे मला मार्चमध्ये कळलं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांना मार्गदर्शक मिळावेत म्हणून राष्ट्रीय मिशन उभारायचं म्हटलं आहे. धोरण दरवर्षी ५० तासांच्या व्यावसायिक विकासाचीही अपेक्षा ठेवतं. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये मी हजेरीपटावर सह्या करून बरेच तास भरले. माझं शिकवणं बदललं ते तुमच्या त्या चार फेऱ्यांनी, आणि त्यांची नोंद फक्त तुमच्या रजेच्या हिशेबात आहे. हे मला पटत नाही. नवीन शिक्षकाच्या वर्गात जाऊन बसणं हे कामच आहे, ते कर्तव्यकाळ म्हणून धरायला हवं. तसा विनंती अर्ज मी आणि सरांनी सुट्टीआधी केंद्रप्रमुखांकडे दिला आहे.

शाळा उघडली की पुन्हा या. टाचणवही नवी असेल, मागचं पान कोरं ठेवते. चिंचोके आणू नका, मुलांनी डबाभर जमवलेत.

तुमची,
धारणी तालुक्यातली शिक्षणसेविका