साऊंडवाल्या भाऊंचे आभार

भाऊ, रामराम.

दुकानात येऊन आभार मानले असते तर "जा बे, मोठा आला" म्हणून तुम्ही हाकललंच असतं. म्हणून इथे, चारचौघांत लिहितो आहे.

हेवी मेटल म्हणजे नेमकं काय, हे मला आपल्या पोट्ट्यांना कधी धड सांगता आलं नाही. मोठा आवाज म्हणावं, तर गणपतीतला डीजे आधी पास होईल. वेग म्हणावं, तर ब्लॅक सॅबथ या इंग्लंडच्या मेटल बँडच्या पहिल्याच अल्बमचं (१३ फेब्रुवारी १९७०) पहिलं गाणं चांगलं संथ आहे. काळे टी-शर्ट अन् लांब केस सोडूनच द्या.

ते कळलं तुमच्या दुकानात. पावसाळ्यात तुमच्या मशिनी रिकाम्या होत्या म्हणून जमलं. तुम्ही माझी गिटार त्या जुन्या अहुजा अँप्लिफायरच्या माइकच्या सॉकेटात लावली, माइकचं बटण पूर्ण फिरवलं आणि मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचं बटण, खालीच ठेवलं. गिटारचा सिग्नल माइकपेक्षा तगडा. आवाज वाढला नाही, फाटला. तुमचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. "जिंदगीभर आवाज फाटू नये म्हणून मेलो, अन् तुले फाटेलच पाहिजे?"

पाहिजे, भाऊ. पण कोणता सूर फाडायचा, हे तुम्हीच दाखवलं. भजनी मंडळाची दुरुस्तीला आलेली पेटी पुढ्यात ओढून तुम्ही सा-प धरला आणि मला गिटारवर तेच वाजवायला लावलं. भरदार! मग गंधार मिसळायला सांगितला, तर नुसता चिखल. सा आणि प यांच्या कंपनांचं प्रमाण २:३. आवाज फाटला की दोघांच्या फरकाचा आणखी एक सूर उठतो आणि तो बरोबर खालच्या सा वर पडतो, म्हणून दोन तारा चार तारांएवढ्या वाटतात. गंधाराने नको ते सूर उठतात. पुस्तकात याला पॉवर कॉर्ड म्हणतात; मी ते वाचलं होतं, कानाला कळलं ते तुमच्या दुकानात. शुद्ध ग नाही, कोमल ग नाही, त्यामुळे ना आनंदी ना दुःखी, असा तो कोरा, कठोर आवाज.

ब्लॅक सॅबथच्या त्या संथ गाण्याची गिटार तुम्ही मोबाइलवर ऐकली आणि लगेच पेटीवर काढली: सा, वरचा सा, मग तीव्र मध्यम. "पंचमाच्या तोंडाशी नेऊन अडवते बे हा." त्या गाण्याची भीती याहून नेमकी मला कोणी सांगितलेली नाही. तळहाताची कड तारांवर टेकवून आवाज दाबायचा, तेही खंजिरीवर बोटं दाबून तुम्ही एका मिनिटात समजावलं.

ब्लॅक सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याची गोष्ट तेव्हा अर्धीच राहिली, गिऱ्हाईक आलं. बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कापली गेली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचीच बोटं. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, बारीक तारा लावल्या, पुढे गिटारचे सूरच खाली उतरवले. बँडच्या १९७१च्या अल्बममधली काही गाणी तर दीड स्वर खाली आहेत. तारा सैल, बोटांना आराम, आवाज आणखी जड. पुढे कितीतरी मेटलवाल्यांनी धडधाकट बोटं असूनही सूर खालीच उतरवले. तुमच्या दुकानात असली जुगाडं रोज होतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

एवढ्यावर मेटल पूर्ण होतं असं नाही. जुडास प्रीस्ट बँडच्या दोन गिटारी, १९८३ पासून मेटालिका बँडने वाढवलेला वेग, ढोलाचे दोन पेडल, हे सगळं आहेच. पण फाटलेला आवाज आणि त्याला झेपतील असे मोजके सूर, ही जोडी मोडली की माझ्या मते ते मेटल राहत नाही. गाणारा कितीही ओरडो.

त्या दिवशी तुम्ही चहाचेसुद्धा पैसे घेतले नाहीत. पेटी मंडळाला परत गेली असेल तर सांगा, दोन पेडलचं विचारायला ढोलकीवाल्याला घेऊन येतो.

तुमचा,
गिटारवाला पोट्टा