वळीव यायच्या आत मिरची धुरावर घ्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परवा दुपारी चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं आणि आमच्या गल्लीत नुसती पळापळ. समोरच्या मावशी खालूनच ओरडल्या, "पाऊस येऊलाय गं, मिरच्या काढ की!" मी टेरेसवर पोचेपर्यंत टपोरे थेंब सुरू झालेले. सहा किलो ब्याडगी आणि दोन किलो संकेश्वरी, वर्षाच्या चटणीची म्हणजे लाल तिखटाची मिरची, त्यातली निम्मी भिजलीच. हॉलमध्ये चादरीवर पसरली, दोन दिवस फॅन फुल्ल ठेवला, वरून बघितलं तर छान लालभडक दिसत होती. तिसऱ्या दिवशी एक फोडून बघितली तर आत बियांभोवती राखाडी कापसासारखी बुरशी. मग एकेक करत सगळी फोडत बसले आणि जवळजवळ तीन किलो टाकून दिली. डोळ्यात पाणी आलं, ते ठसक्यानं नव्हे.

हे फक्त माझ्याच घरचं असतं तर पत्र लिहिलं नसतं. आपल्या बेळगावात वडगाव, शहापूर, अनगोळ, कुठंही विचारा, मार्च एप्रिलमध्ये चटणीच्या टायमाला पाऊस येऊन मिरची गेली म्हणणाऱ्या दोघीतिघी तरी भेटतील. आणि मग काय होतं, पुढच्या वर्षी ती बाई तयार चटणीचं पाकीट आणते. एकदा पाकीट सुरू झालं की मिरची कुटायला डंकावर जाणं बंद, मिरची निवडणं बंद, आणि घरातल्या मुलींना संकेश्वरी कुठली आणि ब्याडगी कुठली हेसुद्धा कळेनासं होतं. आपल्याच जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरच्या नावानं ओळखली जाणारी मिरची आणि धारवाडच्या पलीकडच्या हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी, जिला 2011 मध्ये जीआय टॅग म्हणजे त्या भागाचीच खासियत म्हणून सरकारी मान्यता मिळाली, एवढं सोनं दारात असताना आपण पाकीट का म्हणून आणायचं?

काही जणी म्हणतात, बुरशी पुसून परत ऊन दाखवलं की झालं. नाही हो, असं अजिबात करू नका. ओल्या मिरचीवर जी बुरशी येते तिच्यातल्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात, ते लिव्हरला घातक असतं आणि भाजून, तळून, दळून ते जात नाही. म्हणून तर अन्न सुरक्षेच्या नियमात अख्ख्या वाळक्या मिरचीत ओलावा 11 टक्क्यांच्या वर नको असं ठेवलंय. घरात आपल्याकडे ओलावा मोजायचा मीटर नसतो पण हात असतो. मिरची वाकवली आणि कट्कन मोडली तर वाळली, चामड्यासारखी वाकली तर ओल अजून आहे. हलवून बघितलं की आत बिया खुळखुळ वाजायला पाहिजेत. आणि देठाजवळ नक्की बघा, बाकी सगळी वाळली तरी ओल तिथंच लपून बसते.

आता मुद्द्याचं सांगते. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, कणकुंबीच्या बाजूचं, जिथं मलप्रभा उगवते आणि पाऊस असा की चार महिने कपडे सुद्धा चुलीजवळ वाळवायचे. तिथं उन्हाची वाट बघत बसलं तर मिरची कधीच वाळायची नाही. परसातली मिरची पावसातच लाल व्हायची. आज्जी ती पुसून घ्यायची, धुवायची नाही, आणि चुलीच्या वर काथ्यानं टांगलेल्या कामट्यांच्या तट्टीवर एकेरी पसरायची. खाली दिवसभर भाकरी, आमटी, आंघोळीचं पाणी, वर मिरची. दोन दिवसांनी हातानं परतायची. पंधरा वीस दिवसांनी ती मिरची गडद तांबडी, जराशी काळपट आणि हाताला अगदी हलकी व्हायची. तिच्या ठेच्याला जो वास होता तो मला अजून कुठल्या चटणीत मिळाला नाही. पावसाळा संपेपर्यंत तिला कधी कीड लागली नाही की बुरशी आली नाही, कारण धूर मिरची नुसती वाळवत नाही तर बुरशीला धरूच देत नाही.

लग्न होऊन बेळगावात आले तर सासूबाई संकेश्वरकडच्या, त्यांच्याकडे सगळं उन्हावर. धुराची मिरची म्हटलं की त्या नाक मुरडायच्या. मला तेव्हा वाटायचं आपल्या माहेरची पद्धत म्हणजे अडाणीपणा. पुढं वाचनात आलं की स्पेनमध्ये सुद्धा अगदी असंच आहे, मुर्सिया भागात ऊन भरपूर म्हणून मिरची उन्हात वाळवतात आणि ला वेरा भागात मिरचीच्या हंगामातच पाऊस लागतो म्हणून ओकच्या लाकडाच्या धुरावर दहा पंधरा दिवस ठेवतात, आणि ती धुरातली पावडर जगभर मानानं विकली जाते. मेक्सिकोत जाड सालीची हालापेन्यो उन्हात धड वाळत नाही, कुजते, म्हणून धुरावर घेतात. आपल्या नागालँडमध्येही चुलीवर मिरची टांगतात. म्हणजे आज्जीला जे कळत होतं ते जगात ठिकठिकाणच्या आज्ज्यांना कळत होतं.

म्हणून गेल्या वर्षी मी परत करून बघितलं. गॅसवाल्या बंद किचनमध्ये हे करू नका, ठसक्यानं जीव जाईल आणि घरात दम्याचं कुणी असेल तर फारच वाईट, उघड्यावरच करायचं. मागच्या अंगणात पत्र्याचा जुना ड्रम, पण केमिकलचा नव्हे, खाण्याच्या तेलाचा, तोसुद्धा आधी आत जाळ करून साफ केलेला. खाली मातीच्या शेगडीत निखारे, त्यावर पेरू आणि आंब्याच्या वाळक्या लाकडाचे तुकडे, मधे भरपूर अंतर ठेवून वर जाळी. प्लायवूड, रंग दिलेलं लाकूड, फळ्यांचे तुकडे अजिबात घालायचे नाहीत. मिरची आधी दोन दिवस सावलीत सुकू द्यायची, मगच धुरावर. जाळ नको, धूर पाहिजे, तोही पातळ. काळा दाट धूर सुटला की मिरचीवर काजळी बसते आणि कडू होते, माझा पहिला घाणा असाच वाया गेला. जाळीला हात लावून बघायचा, चटका बसला तर मिरची वाळत नाही, शिजते. रोज चार पाच तास असं चार दिवस केलं आणि शेवटी एक दिवस कडक ऊन दाखवलं. मधे एकदा वळीव झाला तर ड्रमवर झाकण टाकलं, बास. चार किलो ओल्या मिरचीची साधारण एक किलो वाळकी झाली.

सगळी चटणी धुरातल्या मिरचीची करा असं मी म्हणत नाही, वास जास्त होतो. चार भागाला एक भाग पुरे. पण बाजारातून आणलेली वाळकी मिरची सुद्धा भिजली तर लगेच त्याच दिवशी धुरावर घेतली तर वाचते. यंदा ड्रम कोळशाच्या पोत्यांमागं अडकला होता म्हणून मी आळस केला आणि तीन किलो घालवली.

संपादक साहेब, आपल्या जिल्ह्यात मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टी इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत. त्यांनी फेब्रुवारीतच बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत मिरची वाळवण्याचं एकेक दिवसाचं प्रात्यक्षिक ठेवावं, सोलर ड्रायर कसा वापरायचा तेही दाखवावं, आणि खानापूरच्या जंगलपट्टीतल्या ज्या म्हाताऱ्या बायका अजून चुलीवर मिरची वाळवतात त्यांना तिथं शिकवायला बोलवावं, मानधन देऊन. महिला मंडळांनी मागणी केली तर होईल. तुमच्या पेपरनं हे पत्र छापलं तर निदान मागणीला सुरुवात होईल. आमच्या गल्लीतल्या अकरा जणींनी नावं द्यायला तयारी दाखवलीय आणि ड्रम माझ्याकडे आहेच.

आपली नम्र,
एक गृहिणी, वडगाव, बेळगाव