पाळकांना शंका आली तर घर जायला नको

संपादक महोदय,

गेल्या पावसाळ्यात आमच्या चर्चच्या मंडळीतलं एक सात वर्षांचं पोरगं तापाने गेलं. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, दफनविधी नीट पार पाडला, पुनरुत्थानाचा उतारा वाचला, आईच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. नंतर वेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या कपडे बदलायच्या खोलीत, झगा काढताना बटणावर हात तसाच ठेवून मला म्हणाले, "सर, मी बाहेर जे बोललो ना ते मलाच आतून खरं वाटत नाहीये, आणि हे आजचं नाही, दोन वर्षं झाली." मला काही सुचेना, मी पाणी दिलं.

पुढे त्यांनी स्वतःच हे कमिटीपुढे मांडलं, आणि झालं काय तर पंधरा दिवसांत त्यांच्या बदलीचा अर्ज वर गेला. गप्प राहिले असते तर रिटायर होताना हार घातले असते आम्ही! याचाच मला राग येतो, आणि मी त्या मीटिंगमध्ये होतो.

लोक म्हणतात, विश्वास नाही तर सोडावं ना काम. अहो पण राहतं घर चर्चचं, पगार चर्चचा, पन्नाशीला आलेला माणूस बी.डी.ची, म्हणजे धर्मशास्त्राची डिग्री घेऊन जाणार कुठे? कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला खरा, पण त्यांची श्रद्धा ढळली नव्हती, त्यांना मिशनची चौकट नको होती. ज्याची श्रद्धाच डळमळली त्याने कशाच्या जोरावर बाहेर पडायचं?

मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये छापून आली तेव्हा कळलं की जवळपास पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत देव जाणवत नव्हता, हे त्यांनी मोजक्या धर्मगुरूंनाच लिहिलेलं आणि पत्रं नष्ट करा म्हणून विनवलेलं. तरी 2016 ला चर्चने त्यांना संत केलंच ना.

दर गुड फ्रायडेला आम्ही येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर तीन तास उपदेश ऐकतो, चौथ्या उद्गाराला, म्हणजे 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' याला बायाबापड्या डोळे पुसतात, आणि तेच आमच्या पाळकाने साध्या मराठीत सांगितलं तर आम्हाला झेपलं नाही.

माझी सगळ्या डायोसिसना, म्हणजे बिशपांच्या धर्मप्रांतांना, विनंती आहे, अशा पाळकाला सहा महिने भरपगारी सुट्टी द्या, घर काढून घेऊ नका, आणि ज्याच्या हातात बदली-बढती नाही असा एखादा वडीलधारा माणूस बोलायला द्या. आमच्या साहेबांचं सामान अजून हललेलं नाही, कमिटीने तो अर्ज मागे घ्यावा.

– एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर