वळिवड्याच्या फलाटावर एक फलक लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूर स्थानकाचा ‘अमृत भारत’ योजनेत समावेश झाल्यापासून त्याच्या नव्या रूपाची चर्चा सुरू आहे. आनंदच आहे. पण मिरजेकडे निघालेल्या पॅसेंजरला वाटेत लागणाऱ्या लहान स्थानकांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

पहिलाच थांबा गूळ मार्केट. हा नुसता हॉल्ट, म्हणजे इथे स्टेशन मास्तर नाही की सिग्नल नाही. गाडी थांबते, गार्ड हिरवा झेंडा दाखवतो आणि निघते. तेवढ्यात मार्केटला निघालेल्या बायका भाजीच्या पाट्या दारातून खाली देतात आणि पदर खोचून मागोमाग उतरतात. कोरोनानंतर याच गाड्यांना एक्स्प्रेसचं भाडं लागलं होतं. दहाचं तिकीट तीस रुपयांना! २०२४ मध्ये ते पुन्हा दहावर आलं, तेव्हा कुठे या मंडळींचा जीव भांड्यात पडला.

पण पत्र लिहायचं कारण त्यापुढचं स्थानक, वळिवडे.

हा मार्ग कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या पैशाने बांधला. १८८८ मध्ये शाहू महाराजांनी, राज्यकारभार हाती घेण्याच्या आधी, पहिली कुदळ मारली आणि १८९१ मध्ये गाडी धावू लागली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, याच रुळांलगत वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी वसली. सैबेरियात हद्दपार झालेली, तिथून इराणमार्गे हिंदुस्थानात आलेली ही माणसं. बहुतेक बायका आणि मुलंच. सुमारे पाच हजार वस्ती होती. शाळा, चर्च, पोस्ट, दुकानं, सिनेमाघर, सगळं त्यांनी इथे उभं केलं. १९४८ पर्यंत ती मंडळी गेली, आणि फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी बांधव त्याच जागेत राहायला आले. आजचं गांधीनगर ते हेच. कापडाच्या खरेदीला तिथे जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

वॉर्सामध्ये या छावणीचं स्मारक आहे. २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे जाऊन अभिवादन केलं, त्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. कोल्हापुरात महावीर उद्यानातही स्तंभ आहे. मग खुद्द वळिवड्याच्या फलाटावर का काही नसावं? पिवळ्या पाटीवर नाव आणि समुद्रसपाटीपासूनची उंची, यापलीकडे येणाऱ्याला काही कळत नाही.

मोठा खर्च नको. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि पोलिश भाषेत एक फलक, छावणीचे जुने फोटो आणि छावणीच्या जागेकडे जायची खूण, एवढं पुरे. छावणीत वाढलेल्यांची मुलं-नातवंडं आजही जागा शोधत येतात. त्यांना रिक्षावाल्यालाच विचारावं लागू नये. गूळ मार्केटला मात्र आधी निवारा द्या, इतिहास मग लिहा. पाट्या घेऊन उन्हात उभ्या राहणाऱ्या बायकांना त्याची जास्त निकड आहे.

आपला,
पॅसेंजरचा एक प्रवासी, रुकडी