मासळी महागली, त्याचे खापर बंदीवर नको

महोदय,

पावसाळी मासेमारी बंदीमुळे सोलापुरात मासळी महागल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. १ जून ते ३१ जुलै या दोन महिन्यांत भाव चढतात, हे खरेच आहे. पण बंदी उठल्यावरसुद्धा मंडईत तळहातापेक्षा मोठा लेपा (समुद्राच्या तळाशी राहणारा चपटा मासा) मला क्वचितच दिसतो. त्याला बंदी कशी जबाबदार?

मी प्राणिशास्त्र शिकवत असे. सोलापूरच्या मुलांना समुद्र कुठला दाखवणार? म्हणून मंडईतून बर्फातली मासळी आणायचो आणि तिची पोटे उघडायचो. लेपाच्या पोटात चिखल आणि त्या चिखलात राहणाऱ्या किड्यांचे तुकडे निघत. शिंगाळ्याच्या पोटात खेकड्याच्या नांग्या. बोंबलाच्या पोटात जवळा, आणि एखाद्या वेळी चक्क बोंबलाचेच पिल्लू! ते पाहून वर्ग एकदम गप्प व्हायचा.

लेपाचे पिल्लू जन्मते तेव्हा इतर माशांसारखेच असते, दोन बाजूंना दोन डोळे. वाढता वाढता एक डोळा सरकत दुसऱ्याशेजारी येतो आणि मासा चिखलावर आडवा होतो तो कायमचा. तोंडही वाकडे, खालचे खाणे टिपायला सोयीचे. पाकटाचे तोंड पोटाकडच्या बाजूला असते आणि दात चपटे, शिंपले फोडण्यासाठी. शिंगाळा गढूळ पाण्यात मिशांनी चाचपडत खाणे शोधतो. यांचे सगळे आयुष्य तळाच्या गाळाशी बांधलेले आहे.

तो गाळ म्हणजे घाण नव्हे. वरच्या पाण्यातले सूक्ष्म जीव मेले की त्यांचे कण खाली झरत राहतात. त्यांवर जिवाणू वाढतात, ते किडे आणि शंख-शिंपले खातात, किड्यांवर कोळंबी आणि लेपा जगतात, आणि त्यांच्यावर वाम, घोळ, मुशी असे मोठे मासे. प्रत्येक पायरीवर ढोबळमानाने दहावा हिस्साच पुढे पोचतो. म्हणजे एक किलो घोळीमागे दहा किलो लहान मासळी आणि त्यामागे शंभर किलो कोळंबी-किडे. पाया खरवडला तर वरचे कशावर जगणार?

ट्रॉलरचे, म्हणजे जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटीचे, जाळे नेमका तोच पाया खरवडते. जड फळ्या आणि साखळ्या तळावरून ओढल्या जातात, किड्यांची बिळे मोडतात आणि बोटभर पिल्लेही वर येतात. शिंगाळ्याचा नर गोटीएवढी अंडी तोंडात धरून फिरतो आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत काही खात नाही. असा उपाशी बाप जाळ्यात आला की त्याच्या तोंडातली सगळी पिल्लेही गेली. मला या गोष्टीचे फार वाईट वाटते.

ही बोटभर पिल्ले सुकवून, दळून मच्छीभुकटी होते आणि ती कोंबडीखाद्यात जाते. आपल्याकडे सुकटीच्या ढिगातही ती असतात. मागच्या मंगळवारी बाजारातून पावशेर सुकट आणली. निवडताना तीत नखाएवढे लेपे निघाले, त्यांचा डोळा नुकताच सरकलेला. तेव्हा समुद्र कोकणाचा आणि आपण नुसते गिऱ्हाईक, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत.

राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. ही तपासणी बंदरावर होते तशी सोलापूरच्या मंडईतही व्हावी, अशी माझी मत्स्यव्यवसाय खात्याला विनंती आहे. आणि आपल्याला एक विनंती: बाजारभावाच्या रकान्यात नुसते 'मासळी' न छापता माशाची जात, सरासरी लांबी आणि परवानगी असलेला किमान आकार छापावा. पिशवी उघडण्याआधी गिऱ्हाइकाने पट्टी लावून पाहिले, तर विक्रेताही पुढच्या खेपेला लहान माल मागवताना विचार करील.

आपला,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, सोलापूर