झाकलेलं चार इंच आभाळ

भाऊ,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या फ्रेमच्या दुकानात येऊन हातात देता आलं असतं. पण तुम्ही ते गल्ल्याखाली सरकवलं असतंत आणि 'बसा बाई, चाय येता' म्हणून विषय बदलला असतात. शिवाय जे सांगायचंय ते चार लोकांसमोरच सांगायला हवं. गप्प बसले तीही चार लोकांसमोरच.

आमच्या कलामंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात पूर्वी वर्गणी भरली की चित्र लागायचं. मग बाहेरून परीक्षक यायला लागले. सभासदाने दोन चित्रं द्यायची, निवडलं गेलं तर भिंतीवर, नाहीतर मागच्या खोलीतून परत न्यायचं. दोन वर्षं मी परत नेली. सावंतवाडी ते वेंगुर्ला, एसटीत मांडीवर काच सांभाळत. शेजारणीने विचारलं, "विकत घेतलात?" तर मी चक्क 'हो' म्हटलं.

यंदाचं चित्र रापणीचं. होडीने जाळं अर्धगोल टाकून आलं की किनाऱ्यावरून दोन्ही टोकांचे दोर माणसं ओढतात, ते. कागद अर्धा शीट, 15 बाय 22 इंच. आणि वर माझं आभाळ! कागद ओला ठेवून एका दमात उतरवलेले पावसाआधीचे ढग. तसं आभाळ मला दहा वर्षांत जमलं नव्हतं.

तुम्ही चष्मा कपाळावर चढवून चित्र बघितलंत, टेबलाखालून पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे काढलेत आणि चित्रावर ठेवून सरकवू लागलात. डावीकडून थोडं, खालून नाहीच, वरून सरळ चार इंच. माझं आभाळ गेलं. मी शाळेत एकतीस वर्षं शिकवलंय, मला दुरुस्त्या करायची सवय आहे, करून घ्यायची नाही. मी काही बोलणार तोच तुम्ही म्हणालात, "बाई, रापण वडताना आभाळाक कोण बघता?"

नंतर नुसता दोर उरला. वाळूतून तिरका निघून कागदाबाहेर जाणारा, आणि त्याला लोंबकळल्यासारखी मागे झुकलेली सात माणसं.

चित्र कापायला मात्र तुम्ही तयार नव्हतात. "कापूचा नाय. निस्ता झाकूया. उद्या मनात इला तर परत उघडूया." म्हणून चारी बाजूंना साडेचार इंचांचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घेतलात, म्हणजे तिच्या वरच्या पट्टीखाली ते आभाळ सपाट मावेल. फ्रेमची जुन्या मापाची लाकडी पट्टी आधीच कापून झाली होती, ती कोपऱ्यात उभी केलीत आणि नवी घेतलीत. चित्र जमा करायची वेळ संध्याकाळी पाचची. मी घड्याळाकडे बघत होते आणि तुम्ही माउंटची तिरकी कड ब्लेडने एकाच ओढीत कापत होतात.

हे सगळं मी आ वासून बघत होते त्याला कारण आहे. आधी एका दुकानात माझं चित्र प्लायवूडवर पूर्ण डकवून दिलं होतं, वर काच टेकलेली. दोन पावसाळ्यांत काचेला चिकटलं आणि बुरशीचे तपकिरी ठिपके आले. तुम्ही कागद वरच्या कडेला फक्त दोन ठिकाणी चिकटवलात, कारण आपल्याकडच्या दमटपणात कागद फुगणार, त्याला हलायला जागा हवी. काच आणि चित्र यांत माउंटच्या जाडीची फट असते ती कशासाठी, हे मला साठाव्या वर्षी कळलं.

चित्र निवडलं गेलं. उद्घाटनाला परीक्षक एकेका चित्रापुढे थांबत माझ्यापाशी आले. म्हणाले, मांडणी धीट आहे, आभाळाचा मोह टाळलाय, दोराचं दुसरं टोक आपण मनातच धरतो. सगळे माझ्याकडे बघत होते. मी हात जोडले. 'आभाळ आत आहे आणि मोह माझ्या फ्रेमवाल्या भाऊंनी टाळलाय', एवढं वाक्य तोंडातून निघालं नाही.

त्या रात्री तुमच्या दुकानातलं समईवाल्या बाईचं चित्र डोळ्यांपुढून हलेना. गिऱ्हाईक 'रविवर्मा ना?' म्हणालं की तुम्ही हातातली हातोडी खाली ठेवता. "रविवर्म्याचा न्हय. आमच्या वाडीच्या हळदणकरांचा." मग सा. ल. हळदणकर इथे सावंतवाडीत 1882 साली जन्मले, मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि ते तैलरंग नव्हे, जलरंग आहेत, हे सगळं ऐकल्याशिवाय त्याची सुटका नाही. एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर गेलेलं तुम्हाला खपत नाही. आणि माझ्या चित्राखालच्या चिठ्ठीवर तुम्ही माझं एकटीचं नाव वाचून 'बरा झाला' म्हणालात!

परीक्षकांना मी काल पत्र टाकलंय. आमच्या अध्यक्षांनाही सांगितलंय. ते हसले, म्हणाले फ्रेमवाल्याचं नाव कोण लिहितं. चित्र परत येईल तेव्हा पाठीवर मी लिहीनच.

भाऊ, मनापासून आभार. वाया गेलेली पट्टी तुम्ही बिलात धरलेली नाही, मी बघितलंय. शनिवारी येते, आधी ते पैसे घ्या. बरोबर नवीन चित्र आहे, बंदरावर सुकत घातलेले बांगडे. आभाळ या वेळी मुळातच कमी ठेवलंय. तरी पुठ्ठे काढून ठेवा.

तुमची,
वेंगुर्ल्याची बाई